उजव्या नडगीवर पडलेला घाला

विदित व्हावे ऐसे जे, प्रस्तुत हकीकत लिहावी म्हणोन आम्हांस कोणी हुकूम केला नाही, लिहू नये म्हणोन मात्र तिघांनी बजावले. त्याअर्थी मजकूर खरा असला पाहिजे, ऐसा विचार मनी आणोन लेखणी हाती धरिली. थोरांच्या गर्दना उडाल्या त्याच्या कैफियती दफ्तरोदफ्तरी लिहिलेल्या आहेत. नडगीचे कोणी लिहीत नाही. वास्तविक नडगी म्हणजे गुडघ्याखालचे असे हाड की ज्यावर मांसाची रजई नाही, चरबीची तटबंदी नाही, कातड्याचा एक पदर काय तो अंगावर. सर्व देहाचा भार तिने वाहावा आणि लाथ आली तर पहिली तिनेच खावी. घरात जी जागा धाकट्या सुनेची, तीच देहात नडगीची. आणि आमच्या हकिकतीत तर नडगीही धाकट्या सुनेचीच होती, सबब दोन्ही दुखणी एके ठिकाणी आली.

ही धाकटी सून पेशाने मोटार शिकविणारी. अवघी आळी तिला मास्तरीणबाई म्हणे. शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाराच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाराच्या पायाशी. शिकणारा पहिला ब्रेक ऐन प्रसंगी विसरतो आणि मग रस्त्यावरील तमाम रयतेचे प्राण दुसऱ्या ब्रेकावर, म्हणजे मास्तरीणबाईंच्या उजव्या पायावर येऊन राहतात. त्या पायाची कीर्ती ऐसी की त्याने शिकविलेल्या गाडीने आजवर कुंडीसही धक्का लाविला नव्हता. भित्रे लोक लांबून लांबून येत आणि याच बाई पाहिजेत म्हणोन अडून बसत.

घर तीन मजल्यांचे. तळमजल्यावर औषधांचे दुकान, त्याच्या मालकीण थोरल्या जाऊबाईसाहेब. मधल्या मजल्यावर थोरले दांपत्य आणि मातुश्री सासूबाईसाहेब. वरच्या मजल्यावर, जेथे पाणी उशिरा चढते आणि ऊन लवकर, तेथे मास्तरीणबाई आणि त्यांचे यजमान. यजमान झेरॉक्सची यंत्रे दुरुस्त करीत. स्वभावाने गरीब, आणि कोणत्या भानगडीत पडू नये हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा.

थोरल्या जाऊबाईंचा दबदबा काय वर्णावा! दुष्ट म्हणावे तर तसे नव्हे. परंतु कोणाच्या हाती काही दिसले की "सोड, मी घेते" हे वाक्य त्यांच्या मुखातून आपोआप निघे. धाकटीने कढईला हात लाविला, सोड मी घेते. धाकटीने सासूबाईंची गोळ्यांची पुडी उघडली, सोड मी घेते. पुढे आळीतील बायकांनी प्रकृतीस बरे म्हणोन फुटबॉलाची फौज उभी केली तेव्हा चेंडू थोरल्यांनी आणिला, शिट्टी थोरल्यांनी आणिली, आणि ज्याचा चेंडू त्याची कप्तानी हा न्याय सर्वांनी मुकाट मान्य केला. कारण खोकला ताप कोणास चुकला आहे, आणि रात्री-अपरात्री दुकानाचा दरवाजा उघडून देणाऱ्या बाईशी वाकडे कोण घेतो!

ऐसियास पलीकडच्या इमारतीतील बायकांशी सामना ठरला. उभय फौजा मैदानात उतरल्या आणि मोठी धुमश्चक्री झाली. कित्येकींचे केस सुटले, एकीचा बूट चेंडूहून पुढे गेला, आणि तरी दोहींकडे एकेक गोल ऐसा तराजू समान राहिला. मास्तरीणबाई पिछाडीस होत्या. इतक्यात चेंडू त्यांच्या पायाशी आला आणि त्यांनी तो शांतपणे अडविला, जैसा रोज गाडी अडवीत तैसा; आता एक टोला मारावा आणि चेंडू बाहेर काढावा एवढेच बाकी होते. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून, आपली जागा सोडून, खासा कप्तानांची स्वारी दणदणत आली.

"सोड! सोड! मी घेते!"

आणि उजवा पाय मागे नेऊन जी लाथ हाणिली ती चेंडूस लागली नाही. चेंडू बाजूस सुखरूप उभा. बुटाचे टोक मास्तरीणबाईंच्या नडगीवर बसले आणि बाकावर बसलेल्या लोकांनाही ऐकू जाईल ऐसा आवाज झाला. मास्तरीणबाई खाली बसल्या. गनिमाच्या एका पोरसवदा बाईने तो सुखरूप चेंडू उचलल्यासारखा नेला आणि गोल केला. सामना गेला. धूळ बसली तेव्हा कप्तानांनी पडलेल्या जावेकडे पाहोन प्रथम शब्द काढिले ते ऐसे:

"अगं, मध्ये का आलीस?"

घरी पोचेतो हकिकतीस नवी वस्त्रे चढली. सासूबाईंनी पाय पाहोन हे काय म्हणोन पुसले, तो मास्तरीणबाईंनी तोंड उघडण्याआधी थोरल्या उत्तर देत्या झाल्या, "गोलाच्या खांबावर आपटली." खांब तेथून चांगला दूर होता. परंतु साक्षीस कोण? फौजेतील बायकांकडे चौकशी करिता एक म्हणे मी बुटाची नाडी बांधीत होते, दुसरी म्हणे माझ्या डोळ्यांत ऊन आले, आणि गोल राखणारी बाई तर चेंडू जवळ आला की डोळे मिटून घेते हे सर्वश्रुतच. सबब खांब दोषी ठरला. खांबास विचारण्याची चाल नाही.

दुसरे दिवशी वरच्या मजल्यावर मलमाची एक ट्यूब आली. मग दुसरी, थंड करणारी. मग तिसरी, गरम करणारी. थोरल्या स्वतः जिना चढून येत नसत, दुकानातील नोकरासोबत पाठवीत, आणि निरोप एकच, दिवसातून दोनदा चोळ. मलमांचे वकील येत राहिले, परंतु त्यांजकडे दिलगिरीचा खलिता काही नसे.

नडगीवर प्रथम निळे चढले, मग हिरवे, मग पिवळे, आणि मग पिवळेही ओसरले आणि पाय दिसावयास पूर्ववत झाला. येथून खरे संकट सुरू जाहले. कारण दिसते तोवर दुखते, हा जगाचा कायदा; दिसेनासे झाल्यावर जे दुखते त्यास जग नाटक म्हणते. मास्तरीणबाईंचा पाय जिना उतरताना दुखे, गाडीत बसताना दुखे, आणि नुसते बसले तरी आतल्या आत ठणके, जसे कोणी बंद खोलीतून दार वाजवीत आहे आणि बाहेर कोणी ऐकत नाही. त्यांनी यजमानांस सांगितले. यजमान म्हणाले थोडी विश्रांती घे, मग बघ. त्यांची सर्व यंत्रे बंद करोन पुन्हा चालू केली की सुधारत. खांबाविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "मी नव्हतो ना तिथे. तुमचं तुम्ही बघा." आणि चहाचा कप घेऊन गच्चीवर रवाना झाले.

सासूबाईसाहेबांनी फर्माविले की, "आम्हालाही नडग्या होत्या, पण आम्ही कधी बोललो नाही."

तदनंतर एक मोठे डॉक्टर गाठिले. मोठे म्हणजे ज्यांच्या दाराशी पुष्कळ वेळ बसावे लागते ते. त्यांनी एक्स-रे काढविला, उजेडासमोर धरिला, आणि पायाकडे न पाहता म्हणाले, "हाड सुंदर आहे." मास्तरीणबाई म्हणाल्या सुंदर आहे पण दुखते. डॉक्टरांनी वय विचारिले आणि ऐकोन मान डोलविली, वजन विचारिले आणि पुन्हा डोलविली, जणू सर्व गुन्हा कबूल झाला. "मुका मार आहे. बरा होईल आपोआप." आणि पुढचा रुग्ण बोलाविला. धन्य ती भाषा, जिने या दुखण्यास मुका मार नाव ठेविले! मार मुका, मारणारी मुकी, पाहणाऱ्या मुक्या. एकटी मार खाणारी तेवढी बोलते, म्हणोन तिलाच सारे गप्प बस म्हणतात.

मग व्यायामशाळेतील प्रशिक्षक आले, ज्यांचे दंड त्यांच्या सदऱ्यात मावत नसत आणि ज्ञान डोक्यात. त्यांनी बोटाने टोचून पाहिले, आत गाठ आहे ती फोडून काढली पाहिजे ऐसा निदानाचा निकाल दिला, आणि लाकडी लाटण्यासारखे एक यंत्र नडगीवर चालविले. मास्तरीणबाईंनी किंकाळी फोडिली ती तळमजल्यावर ऐकू गेली. प्रशिक्षक म्हणाले, "दुखतंय म्हणजे काम करतंय." या वचनाचा न्याय लाविला तर आमच्या कित्येक राज्यांचा कारभार फार उत्तम चालला आहे असे म्हणावे लागेल. दुसरे दिवशी मास्तरीणबाईंस जिना बसत बसत उतरावा लागला.

त्याउपरी जे घडले ते लिहिताना लेखणी थांबते. मास्तरीणबाई एका दातांच्या डॉक्टरांस उतारावर गाडी शिकवीत होत्या. डॉक्टर मजकूर दुसऱ्याचा दात उपटताना जितके निर्भय तितकेच चाकामागे भित्रे. उताराच्या तळाशी एक पेंटर शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवीत होता. डॉक्टरांनी शिडी पाहिली, हात-पाय गाळले, आणि गाडी सरळ शिडीकडे निघाली. मास्तरीणबाईंनी ब्रेक दाबिला. दाबताच नडगीतून अशी कळ उठली की पाय मालकिणीस न विचारता मागे सरला. पुन्हा दाबिला, तोवर उशीर झाला. गाडीने शिडीस हलकेच ढोसले. शिडी गेली आणि पेंटर पाटीच्या चौकटीस धरोन लोंबकळत राहिला, आणि रंगाची बादली गाडीच्या काचेवर उपडी झाली. लोकांनी धावून त्यास उतरविले, खरचटलेही नाही. तो गाडीपाशी आला, लाल झालेल्या काचेतून आत वाकून पाहू लागला, आणि म्हणाला, "बाई, तो ब्रेक शोभेला आहे का?"

मास्तरीणबाईंनी गाडी बाजूस लाविली. काच स्वतः पुसून काढिली. शिडीच्या जागी बाबागाडी ढकलणारी आई असती तर, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात फिरत होता. मग त्या स्वतः उठून शिकवणीच्या मालकाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला गाडीवरून काढा. माझ्या पायाचा भरवसा राहिला नाही." मालकांनी हरकत घेतली, रदबदली केली, शेवटी त्यांस वर्गात बसवून रस्त्याच्या खुणा शिकविण्याचे काम दिले. त्रिकोण म्हणजे सावधान, गोल म्हणजे हुकूम. गाडी खिडकीतून दिसे. तिच्यात दुसरेच मास्तर बसून शिकणारांवर ओरडत, आणि हा ओरडा ऐकून मास्तरीणबाई खडू घट्ट धरीत. जिचा पाय लोकांस तारी, ती आता फळ्यावर चित्रे काढू लागली.

त्या दिवशी खालून चौथी ट्यूब आली. मास्तरीणबाईंनी ती उघडली नाही. नोकराच्या हाती परत पाठविली आणि निरोप दिला, "म्हणावं, चोळायला जागा उरली नाही." हे युद्धाचे आव्हान होय. त्या दिवसापासून मजल्या-मजल्यांत बोलणे बंद पडले. थोरल्या जिन्यात दिसल्या तर धाकटी वळून कुलूप पाहावयास परत जाई, धाकटी दिसली तर थोरल्या फोनवर बोलत असल्याचे सोंग करीत, आणि यजमान दोहींच्या मधून मांजराच्या पावलांनी जात-येत.

मग कोणी नव्या फिजिओथेरपीच्या बाई सुचविल्या. बाई वयाने लहान, दवाखाना एका खोलीचा. त्यांनी पहिले अपूर्व कृत्य केले ते हे की पायास हात लाविला. अंगठा नडगीवरून हळूहळू खाली आणिला आणि एके ठिकाणी येताच थांबल्या.

"इथे. बरोबर ना?"

मास्तरीणबाईंच्या डोळ्यांस पाणी आले. लोक दुखले म्हणोन रडतात. या सापडले म्हणोन रडल्या. मग बाईंनी त्यांस एमआरआय नामक यंत्रावर मोठे चित्र काढण्यास पाठविले, ज्यात आडवे निजवून आत सरकवितात आणि आत हातोडे ठोकल्यासारखा आवाज होतो. चित्र आले. हाड मोडले नव्हते, परंतु आतून ठेचले होते, आणि ही ठेच एक्स-रेस दिसत नाही.

"म्हणजे मला खरंच दुखतंय?" मास्तरीणबाईंनी विचारिले.

"खरंच दुखतंय. आणि पुष्कळ दिवस दुखेल. पण जाईल. त्याला वेळ द्यायचा, आणि मग थोडं थोडं वजन द्यायचं. लाटणं कोणी फिरवलं?"

मास्तरीणबाईंनी सांगितले.

"त्यांना एकदा माझ्याकडे पाठवा. मी फिरवते." मग बाई चित्राकडे पाहात म्हणाल्या, "एवढा मार कशाने बसला?"

"खांबा..." मास्तरीणबाई म्हणाल्या आणि थांबल्या. इतक्या लोकांनी इतक्या वेळा म्हटले होते की जिभेस तीच वाट पडली होती. मग मोठ्या प्रयासाने त्या वाटेवरून जीभ माघारी फिरविली. "माझ्या जाऊबाईंनी लाथ मारली."

"मुद्दाम?"

मास्तरीणबाईंनी चित्र पाकिटात घातले. इतके दिवस त्या खांबाशी भांडत होत्या, आणि हा सवाल त्यांनी स्वतःसही केला नव्हता. घरी येताना वाटभर, आणि पुढे कित्येक दिवस पाय उंच करोन बसल्या असता, तोच शब्द त्यांच्यापुढे येऊन बसे. मुद्दाम असेल तर क्षमा नाही. मुद्दाम नसेल तर मग खांब कशाला?

चित्र घरात दाखविले त्याचा परिणाम म्हणाल तर सासूबाई म्हणाल्या, "ठेचलंय ना? मोडलं तर नाही." थोरल्या दुकानातून वर आल्या, चित्र उलटे धरोन पुष्कळ वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "बघ, मी म्हणतच होते. खांब लोखंडी आहे." परंतु हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, आणि चित्र परत देताना त्यांनी धाकटीकडे पाहिले नाही. एवढे मास्तरीणबाईंच्या ध्यानी आले. त्यांनी ते मनात ठेविले.

पुढे नडगीची मोहीम अति सबुरीने चालली. धावणे बंद, उड्या बंद, चोळणे तर तोफेच्या तोंडी दिले. प्रथम खुर्चीत बसून टाच उचलावी, मग उभ्याने उचलावी, मग एका पायावर. एके दिवशी पुढे जावे, दुसरे दिवशी ठणका उठला म्हणोन मुक्काम मागे घ्यावा. मास्तरीणबाई रडल्या, चिडल्या, दोनदा सोडूनही दिले. परंतु फिजिओ बाई पुन्हा खुर्ची पुढे ओढीत. शेवटी उभ्या गाडीत बसून ब्रेक दाबण्याची परवानगी मिळाली. पाय मागे सरला नाही. तथापि उभी गाडी वेगळी आणि रस्ता वेगळा, म्हणोन मास्तरीणबाईंस आत भय होतेच.

याच सुमारास थोरल्यांच्या कपाळी संकट लिहिले होते. दुकानासाठी गाडी घेतली होती, परंतु चालविण्याच्या परीक्षेत थोरल्या दोन वेळा नापास झाल्या. ओरडणारे मास्तर त्यांजवर इतके ओरडले की त्यांनी भर रस्त्यात दार उघडून गाडी सोडिली आणि पायी घरी आल्या. ऐसी बातमी सासूबाईंपाशी पोचली, आणि त्यांनी जेवते वेळी फर्मान काढिले, "घरात मास्तरीण असताना बाहेरच्यांच्या शिव्या कशाला खायच्या? धाकटी शिकवील." यजमान पाणी आणावयास उठले आणि बराच वेळ आले नाहीत.

येणेप्रमाणे दोघी शिकवणीच्या, म्हणजे दोन ब्रेकांच्या गाडीत बसल्या. त्या गाडीत थोरली-धाकटी नव्हती. एक शिकणारी आणि एक शिकविणारी. थोरल्यांनी सुकाणू ऐसे धरिले होते की बोटे पांढरी पडली. मास्तरीणबाई हळू आवाजात सांगत, दुसरा गिअर, आरसा बघा, आता डावीकडे, आणि थोरल्या आश्चर्याने ऐकत. कारण ही धाकटी इतकी बोलते हे त्यांस ठाऊकच नव्हते. थोरल्या मात्र गाडी चालवीत त्या जैशा फुटबॉल खेळत तैशाच, म्हणजे मोकळी जागा दिसली की ती आपलीच.

मोठ्या चौकात दिवा लाल झाला. समोरून एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरोन रस्ता ओलांडू लागले. थोरल्यांनी त्यांस पाहिले, घाबरल्या, आणि ब्रेक समजोन दुसऱ्याच पायदानावर सर्व बळ एकवटले. गाडी उसळली.

मास्तरीणबाईंचा उजवा पाय गेला. दाबिला तो तळापर्यंत दाबिला. गाडी किंचाळून थांबली आणि म्हाताऱ्यांच्या चाकापासून वीतभर अंतर राहिले. मास्तरीणबाई कळेची वाट पाहात होत्या. कळ आलीही; परंतु पाय हलला नाही. तो तेथेच ठाम, जैसा मावळा बुरुजावर. मास्तरीणबाईंस स्वतःच्या पायाकडे पाहोन असे वाटले की पुष्कळ दिवसांनी कोणी माहेरचे माणूस भेटले.

दिवा हिरवा झाला. थोरल्यांनी कपाळाचा घाम पुसला, गिअर टाकिला, पाय दाबिला. गाडी हलेना; गुरगुरली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद पडली.

"अगं, ब्रेक सोड!"

"खांब होता का?" मास्तरीणबाई समोर पाहात म्हणाल्या.

"काय?"

"मैदानात. मला लागला तो खांब होता का?"

"हे काय आत्ता? मागे लोक बघतायत!"

"बघू देत. तेव्हाही बघतच होते."

मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला. एक बस, तिच्यामागे टेंपो, त्यामागे नाना प्रकारची वाहने, ऐसा वेढा पडला. थोरल्यांनी एकदा दटावून पाहिले, एकदा विनवून पाहिले, एकदा दार उघडू गेल्या, परंतु दाराशी मोटारसायकली लागल्या होत्या. वेढ्यात सापडलेला किल्लेदार जे जे करितो ते सर्व करून झाले. धाकटीचा पाय ब्रेकवर आणि नजर समोर. इतक्यात वाहतूक पोलीस आला आणि त्याने काच वाजविली. थोरल्यांनी ती खाली केली.

"काय झालं? गाडी बंद पडली का?"

"गाडी ठीक आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "यांना एक वाक्य बोलायचंय, ते अडकलंय."

पोलिसाने मागची रांग पाहिली. "मग बोला की बाई पटकन!"

"मी मारली!" थोरल्या ओरडल्या, काच खाली असल्याने बसमधील लोकांसही ऐकू गेले. "माझी लाथ लागली हिला! खांब नव्हता! झालं?"

"बरं," पोलीस म्हणाला. "आता चला."

परंतु ब्रेक सुटला नाही. मास्तरीणबाईंनी मान वळविली आणि हलकेच विचारिले, "मुद्दाम?"

थोरल्यांचा आवाज एकाएकी उतरला. "नाही गं. तू काढला असतास चेंडू. मला दिसत होतं. पण कुणाच्या पायात, हातात काही असलं की मला वाटतं आता हे पडणार, फुटणार. मला बघवतच नाही. मग मी धावते. आणि तू खाली बसलीस, तो आवाज झाला, तेव्हा मी इतकी घाबरले की तोंडातून खांब निघाला. एकदा खांब म्हटल्यावर मग काय, खांबच." मग नाक ओढून म्हणाल्या, "दुकानात दिवसभर लोकांना सांगते, दुखणं अंगावर काढू नका. तू लंगडत जिना उतरायचीस ना, तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन खोके मोजत बसायची."

"वर यायचं होतंत."

"काय तोंड घेऊन? ट्यूब घेऊन येता येतं. तोंड घेऊन नाही येता येत."

मास्तरीणबाईंनी पाय उचलला. गाडी हिसका देऊन चालू झाली, आणि थोरल्यांनी पहिल्यांदाच, कोणी न सांगता, आधी आरसा पाहिला.

रात्रीच्या जेवणात थोरल्यांनी स्वमुखे मातुश्रींस वर्तमान सादर केले. मातुश्रींनी घास गिळला आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं. खांब काय चालत आला होता?" मग बोललात का नाही म्हणोन दोघी जावा एकदम पुसत्या झाल्या. मातुश्री उत्तर करित्या झाल्या की, "मला एकाच घरात राहायचंय." हे राजकारण ऐकोन यजमानांनी मान खाली घातली, कारण तेही याच पाठशाळेचे विद्यार्थी. मग त्यांनी मास्तरीणबाईंकडे पाहिले आणि म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं." मास्तरीणबाई म्हणाल्या, "हो. हवं होतं." आणि त्यांच्यापुढील आमटीचे भांडे उचलून दुसरीकडे ठेविले. आळीतील बायकांस बातमी कळली तेव्हा एक चमत्कार असा घडला की ज्यांची नाडी सुटली होती त्यांसही सर्व दिसले होते, ज्यांच्या डोळ्यांत ऊन होते त्यांसही दिसले होते, आणि डोळे मिटणारीने तर लाथेचा कोन सांगितला. सत्यास वाचा फुटली की साक्षीदारांस दृष्टी येते, ही आमची जुनी रीत.

कित्येक लिहिणारे येथे लिहितील की खरे बाहेर पडताच दुखणे पळाले. तसे काही झाले नाही. हाडास कबुलीजबाब ऐकू येत नाहीत. ते आपल्या मर्जीने, आपल्या वेळेने भरते. चौकातील ब्रेकाने दोन दिवस ठणका लागला आणि फिजिओ बाई पुष्कळ रागावल्या. परंतु फरक इतका पडला की आता जिना उतरताना मास्तरीणबाई कठड्यास धरोन थांबल्या तर खालून थोरल्या दुकानाबाहेर येत आणि विचारीत, "दुखतंय?" आणि मास्तरीणबाई म्हणत, "हो." एवढेच. कोणी कोणास काही चोळावयास दिले नाही. थोरल्या तिसऱ्या परीक्षेतही नापास झाल्या आणि चौथ्या वेळी उत्तीर्ण झाल्या. तेव्हा घरी येऊन त्यांनी कढई धाकटीच्या हाती तशीच राहू दिली, मात्र बाजूस उभ्या राहून हात पदराखाली घट्ट धरोन ठेविले होते.

अखेर मास्तरीणबाई वर्गातून उठल्या आणि शिकवणीच्या गाडीत आपल्या जागी पुन्हा स्थापित जाहल्या. भित्रे लोक पुन्हा लांबून येऊ लागले. त्यावर फत्तेचे श्रेय घेण्यास गर्दी झाली: मोठे डॉक्टर म्हणाले बरा होईल म्हणालो होतो, प्रशिक्षक म्हणाले गाठ मीच फोडली, यजमान म्हणाले विश्रांती, सासूबाई म्हणाल्या सहनशक्ती. जो तो आपलीच पाठ थोपटीत होता. नडगी काही बोलली नाही. तिला काम होते.

येणेप्रमाणे उजव्या नडगीची मोहीम तडीस जाऊन, खोटे मोडले, हाड सांधले, आणि दोन मजल्यांत तह जाहला. फत्ते पूर्ण झाली म्हणोन येथे नोंद केली असे. चालता दुखत नाही, उतरता दुखत नाही, ब्रेक मारता दुखत नाही. दाबिले असता मात्र अद्याप दुखते. सबब कोणी दाबू नये.